थांब्यावरचा हिशेब

महिलांच्या सायकल ग्रुपमध्ये नाव घातलं की पहिल्या रविवारच्या आधी एक प्रश्न येतोच, ‘कुठल्या लेव्हलला येतेस?’ नवी मुंबईत साधारण हिशेब असा असतो. बिगिनरना वाशीहून पाम बीच मार्गानं बेलापूरच्या किल्ला जंक्शनपर्यंत जाऊन परत, म्हणजे वीसेक किलोमीटर, ताशी पंधरा-सोळाच्या वेगानं. त्यापुढच्यांना खारघर-पनवेलकडे चाळीस, ताशी वीस धरून. आणि ज्यांच्या मांड्या तयार झाल्यात त्यांना बेलापूरची पारसिक हिलची चढण, नाहीतर पनवेलवरून कर्नाळा, साठच्या पुढे. ग्रुपागणिक आकडे इकडेतिकडे होतात. बायकांची उत्तरं मात्र ठरलेली. निम्म्याजणी म्हणतात, ‘मी आपली मागेच बरी.’ आणि एखादी, जिममध्ये घाम गाळून आलेली, थेट वरच्या गटात नाव देऊन मोकळी होते.

दोघींचंही चुकू शकतं आणि ते पहिल्या पाच किलोमीटरांत कळत नाही. पहाटे साडेपाचला रस्त्यावरच्या दिव्याखाली सगळ्याच ताज्या असतात. टायर अंगठ्यानं दाबून बघायचा, हेल्मेटचा पट्टा ओढायचा, एक सेल्फी आणि निघालं. पाम बीच सपाट आणि रुंद, पाय आपोआप फिरतात. कळतं ते पहिल्या थांब्यावर.

समजा, नेरूळला थांबायचं ठरलंय. पुढच्या चौघी पोचतात, सायकली फुटपाथला टेकवतात, बाटल्या उघडतात, कुणीतरी खजुराचा डबा फिरवतं. फ्लेमिंगोंचा मोसम असला तर मोबाइल खाडीकडे वळतात. पाच-सहा मिनिटांनी शेवटची येते, चेहरा लालबुंद, घाम डोळ्यांत. ‘आली गं!’ म्हणत सगळ्या हेल्मेट चढवतात. ती एक पाय जमिनीला टेकून पहिला घोट घेते न घेते तोच लीडर शिट्टी वाजवते. जिला विसाव्याची सर्वांत जास्त गरज, तिच्याच वाट्याला तो सर्वांत कमी आला. पुढच्या थांब्यावर हेच, फक्त दमणूक दुप्पट. तिसऱ्या-चौथ्या रविवारी ती येत नाही. ग्रुपमध्ये म्हणतात, ‘तिला जमलं नाही हो.’ जमणार कसं? तिनं सगळ्यांपेक्षा जास्त वेळ सायकल चालवली आणि सगळ्यांपेक्षा कमी वेळ ती थांबली.

राइडच्या मेसेजमध्ये ‘नो-ड्रॉप’ असं लिहिलेलं असतं. कुणालाही मागे सोडून जाणार नाही, असा तो शब्द. पंगतीत शेवटच्या पानावरचं जेवण होईस्तोवर पहिल्यानं उठायचं नाही, तसाच नियम. तो बहुतेक ठिकाणी पाळलाही जातो. पण शेवटचीसाठी थांबणं आणि शेवटचीला थांबू देणं यांत फरक आहे आणि लेव्हलचं सगळं गणित मला त्या फरकात दिसतं. जिथे तुम्ही दर थांब्यावर सर्वांत शेवटी पोचता आणि पोचताच निघावं लागतं, ती लेव्हल तुमची नाही, मग ॲव्हरेजचा आकडा काहीही असो. म्हणूनच ओळीच्या अगदी शेवटी राहणाऱ्या स्वीपचं काम मला लीडरपेक्षा मोठं वाटतं. तिथे ग्रुपमधली सर्वांत कसलेली बाई हवी. पंक्चर काढता येणारी, आणि गप्पा मारता मारता शेजारणीचा श्वास ऐकणारी.

वेगाचं खूळ जरा बाजूला ठेवलं तर आकडे दिलासा देणारे आहेत. बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड. दोनशे किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात. चहा, जेवण, पंक्चर सगळं धरून ताशी पंधरालाही थोडं कमीच. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आली, तेव्हा सुमारे २९,००० किलोमीटरला १५९ दिवस लागले. दिवसाला सरासरी १८० च्या पुढे. तिचं अंतर भलतंच, मान्य. पण असं अंतर एका दमात पळून कापलं जात नाही, रोज सकाळी पुन्हा सायकलवर बसता येईल इतकी ताकद आदल्या दिवशी शिल्लक ठेवावी लागते.

ती ताकद मोजायला घड्याळासारखं उपकरण हवंच असं नाही. सायकल चालवता चालवता काल भाजी काय केली हे शेजारणीला एका वाक्यात सांगून बघावं. वाक्य पुरं झालं तर लेव्हल बरोबर. ‘मे... थी...’ असं तुटायला लागलं तर एक पायरी खाली उतरावं. आणि भाजी झाली, सासूबाई झाल्या, सोसायटीची मीटिंग झाली, तरी दम लागत नसेल तर मुकाट्यानं वरच्या गटात जावं. मात्र ही परीक्षा परतीच्या वाटेवर घ्यायची. जाताना चौघींच्या मागे चिकटून चालवलं की वारा त्या खातात आणि आपल्याला वाटतं आपण फार तयार झालो. ऊन वर आलं की खाडीवरून वारा सुटतो. पुढच्या चाकापासून दोन सायकलींइतकं अंतर पडलं की तो आडोसा गेला, आणि मग तोच वेग एकटीच्या पायांवर पेलावा लागतो. तिथे खरं काय ते कळतं.

रस्ताही बघायला हवा. पाम बीचवर दोन फेऱ्या मारून केलेले चाळीस किलोमीटर आणि उरणच्या बाजूला बंदराच्या कंटेनर ट्रेलरशेजारून केलेले चाळीस किलोमीटर एका लेव्हलचे कसे होतील? मागे वळून बघताना जिची सायकल ओळीतून सरकते, एका हातानं बाटली काढताना जिचं हँडल थरथरतं, तिच्या पायांत कितीही जोर असला तरी तिनं आधी मोकळ्या रस्त्यावर ते शिकावं. (अटल सेतूचा प्रश्नच नाही. १२ जानेवारी २०२४ ला त्याचं उद्घाटन झालं, पण तिथे कुठल्याच लेव्हलच्या सायकलला परवानगी नाही.)

आणखी एक गोष्ट, ती पुरुषांच्या ग्रुपमध्ये फारशी बोलली जात नाही. पाय तयार असतात, पण आठला घरात असावं लागतं. पाणी जायच्या आत टाकी भरायची असते, कुणाची बारावी असते, कुणाच्या आईला औषध द्यायचं असतं. अशा बाईला वीस किलोमीटरच्या राइडला बघून ‘अजून बिगिनरच का गं?’ असं विचारू नये. तिची लेव्हल घड्याळ ठरवतं, आणि ते काही कमीपणाचं नाही. ज्या ग्रुपात वीसच किलोमीटरची, पण वेगाची एखादी राइड असते, तिथे या बायका टिकतात. अशा राइड वाढायला हव्यात.

‘मी आपली मागेच बरी’ म्हणणाऱ्यांचं मात्र वेगळं आहे. त्यांना ना वेळेची अडचण असते ना ताकदीची. सवय असते. घरात शेवटी जेवायची, फोटोत कडेला उभं राहायची, तीच सवय सायकलवरही येऊन बसते. वर्षभर सोळाच्या वेगात गप्पा मारत फिरतात, चढ आला की कुणाच्याही आधी वर पोचतात आणि खाली बघत उभ्या राहतात, जणू चुकून झालं. माझं मत विचाराल तर एखाद्या रविवारी अशांना न विचारता वरच्या यादीत टाकावं. रागावतील, पण जातील.

बाकीच्यांनी पुढच्या रविवारी नाव देण्याआधी लीडरला ॲव्हरेज विचारावं, रस्ता विचारावा, परत कितीला यायचं ते विचारावं. आणि त्यासोबत एवढंही विचारावं, ‘शेवटची पोचल्यावर किती मिनिटं थांबता?’ उत्तर ‘ती आली की निघतो’ असं आलं, तर एक लेव्हल खाली या, नाहीतर सरळ दुसरा ग्रुप शोधा.