तिथीची पाऊणपट

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी हॉस्टेलवर पहिल्यांदा प्यायलो. चार पेगनंतर बाकीचे आडवे झाले आणि मी त्यांच्या चपला सरळ लावत होतो. ‘याला चढतच नाही’ ही माझी ख्याती झाली. मलाही तिचा अभिमान होता.

बाबाही तसेच होते, आजोबाही. अलिबागच्या आमच्या आळीत ‘कितीही प्यायला तरी सरळ चालणारा’ हीच बाबांची ओळख. पंचावन्नाव्या वर्षी ते गेले, यकृत निकामी होऊन.

पुढे अमेरिकेतल्या मार्क शुकिट या मनोविकारतज्ज्ञाचं काम वाचनात आलं. व्यसनी वडिलांच्या मुलांचा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. ज्यांना दारू कमी जाणवते, त्यांना पुढे व्यसन लागण्याचा धोका जास्त, असं त्यात दिसलं. शरीर वेळेवर ‘पुरे’ म्हणतच नाही. मी जिला ताकद समजत होतो, ती बंद पडलेली धोक्याची घंटा होती.

जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांवरून दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण 50 टक्के मानतात. म्हणजे मी व्यसनी होण्याची शक्यता 50 टक्के, असं नव्हे. माणसामाणसांतल्या फरकापैकी निम्मा जनुकांशी जोडता येतो, इतकंच. शिवाय ती जनुकं अनेक आहेत. एक ओळ डिलीट करून बग सुटत नाही.

मग हे ‘माझं’ म्हणायचं का? ‘एकच प्याला’त (1919) सुधाकरच्या हाती पहिला प्याला देणारा तळीराम बाहेरचा असतो. माझा आतच बसलाय. त्याला शत्रू मानलं, तर बाबांची आणि स्वतःची लाज वाटत राहते. ‘रक्तातच आहे’ म्हणून सोडून दिलं, तर कारणाची सबब होते. बाबा हेच वाक्य म्हणायचे.

आमच्याकडे भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला पूर्ण भरती तीनच्या सुमारास. कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येतं, पण हा हिशेब न करता गेलात तर अडकता. समुद्राचा कोणी राग धरत नाही, त्याच्याशी पैजही लावत नाही. वेळ बघून पाऊल टाकतात. स्वीकार म्हणजे मला एवढंच कळलंय. उधाण माझं आहे, आणि हिशेब ठेवायचं कामही माझंच.

दारू सोडून तीन वर्षं झाली. मागच्या महिन्यात लग्नाची बोलणी चालू होती. आई म्हणाली, “बाबा हार्ट अटॅकने गेले, एवढंच सांग.” मी मुलीला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, “तू तर सोडलीयस, मग सांगितलंस कशाला?”

“ओहोटी आहे म्हणून समुद्र गेला असं होत नाही. आणि उद्या मुलं झाली, तर त्यांनाही हा हिशेब शिकवावा लागेल.”

तिने विचार करायला वेळ मागितलाय. मागायलाच हवा होता.