परतीची वाट

जेथून निघालों तेथेंच परत आणणाऱ्या वाटेनें चालण्यांत हशील काय, असें व्यवहारी मनुष्य विचारील. केरळांत थेकडी येथें पेरियार सरोवराच्या कांठीं वाटाड्याच्या मागोमाग जंगलांतून असा एक लहानसा फेरा मीं घातला. निघतांना पाण्यांतून वर आलेलीं काळवंडलेलीं खोडें व त्यांवर पंख वाळवीत बसलेले पाणकावळे पाहून मन हरखलें.

वाटेंत कळलें कीं, तीं खोडें बुडालेल्या अरण्याचीं होत. १८९५ सालीं पेनिक्विक नांवाच्या इंग्रज इंजिनियरानें येथील धरण पुरें केलें, पश्चिमेस वाहणारें पाणी बोगद्यांतून पूर्वेस मदुरेकडील कोरड्या मुलखांत वळविलें, आणि ही दरी पाण्याखालीं गेली.

फेरा संपला. तेंच दृश्य पुन्हां समोर आलें. पण मघांचा आनंद कांहीं येईना. ज्याच्या मुळाशीं नाश आहे, त्या सौंदर्याचा उपभोग निःशंक मनानें घ्यावा काय? मदुरेकडील शेतकऱ्याचा भात याच पाण्यावर पिकतो. त्याला हें विचारण्याचें धाडस मला होणार नाहीं. शिवाय या तळ्याभोंवतालचें रान पुढें राखलें गेलें, १९७८ सालीं तें व्याघ्रप्रकल्पांतही आलें. जमेची बाजू भक्कम आहे खरी. मात्र हा जमाखर्च मांडणारे आपण सारे जमेकडचेच! मुळशीच्या शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह आरंभिला, तरी मुंबईच्या विजेसाठीं त्यांचीं गांवें बुडालींच. त्या विजेच्या दिव्याखालीं माझे आजोबा रोज रात्रीं वाचीत बसत. त्यांनीं मुळशीचें नांव काढलेलें मला आठवत नाहीं. आणि मींही त्यांना कधीं विचारलें नाहीं.

वाटाड्या घाई करूं लागला, तरी मी त्या खोडांकडे पाहत उभाच होतों.