सेवा आणि विसावा

सेवा हा आपल्या धर्माचा प्राण आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु सेवा करणाऱ्याचा भार कोणी उचलावा, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात त्याचा यथामति विचार करावयाचा आहे.

श्रावणबाळाची कथा कोणास ठाऊक नाही? अंध मातापित्यांना कावडीतून तीर्थयात्रा घडविणारा तो पुत्र आपणांस वंद्य आहे. मात्र कथेच्या शेवटाकडे आपले लक्ष जात नाही. श्रावण एका बाणाने पडला आणि त्याच्यामागे त्या वृद्धांचेही प्राण गेले. ती कावड उचलावयास दुसरा खांदा नव्हता. सारा आधार एकाच देहावर ठेवला, तर त्या देहाबरोबर आश्रितही कोसळतात, हा त्या कथेचा दुसरा बोध होय.

हा बोध मला पोथीतून झाला नाही. माझा धाकटा भाऊ जन्मापासून मेंदूच्या पक्षाघाताने परावलंबी आहे. त्याचे स्नान, भोजन, रात्री कूस पालटणे, हे सर्व एकोणीस वर्षे आईच करीत आली. देवासची टेकडी आमच्या दारातून दिसते. पण तुळजाभवानी व चामुंडा यांच्या दर्शनास नवरात्रातही तिचे जाणे होत नसे. एकदा सरकारी साहाय्याचा विषय निघाला तेव्हा मी मोठ्या तोऱ्याने म्हणालो, "आई, ही तर सेवा, सेवेचा मोबदला कसला मागायचा?" ती काही बोलली नाही. पुढे ती तापाने अंथरुणास खिळली आणि आठ दिवस भावाचे सर्व मी केले. चौथ्या रात्री त्याने हाक मारली तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो. त्याचा अपराध काहीच नव्हता. मी थकलो होतो.

वास्तविक मी पुजाऱ्याचा मुलगा. मला हे आधीच कळावयास हवे होते. आमच्या घराण्यात पूजा पाळीने चालते. पाळी संपवून घरी गेलेल्या पुजाऱ्याने देव टाकला, असे कोणी म्हणत नाही. शेजारतीनंतर गाभाऱ्याचे दारही लावले जाते. देवाच्या सेवेत जो विसावा मान्य, तो मनुष्याच्या सेवेत पाप कसा ठरावा?

मग ही पाळी कोणी द्यावी? आप्तांनी व शेजाऱ्यांनी द्यावीच. पण तेवढ्याने भागत नाही. बालक, वृद्ध, संकटग्रस्त व अनाथ यांचे पोषण राजाने करावे, असे कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगितले आहे. आजच्या राज्यानेही हे तत्त्व स्वीकारले आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 24 व्या कलमात, अधिक आधार लागणाऱ्या व्यक्तींकरिता काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. तथापि ते वचन शासनाच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेने बांधलेले आहे. 1999 च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाने आखलेल्या समर्थ योजनेत, कुटुंबास विसावा मिळावा म्हणून अल्पकाळच्या निवासाची कल्पना आहे. केरळने आश्वासकिरणम् योजनेद्वारे काळजीवाहूंना दरमहा 600 रुपये देऊ केले. रक्कम अल्प, पण तत्त्व मोठे.

कोणी म्हणेल, पैशाने सेवा बाटेल. परंतु पूर्वी राजे देवस्थानांना नेमणुका देत, म्हणून पूजेचे पावित्र्य गेले काय? ब्रिटनमध्ये 1976 साली असा भत्ता सुरू झाला, तेव्हा विवाहित स्त्रियांना तो नाकारला गेला. त्या घरीच असावयाच्या, हे गृहीत धरले होते. ती चूक 1986 साली दुरुस्त झाली. आपल्या घराघरांतून तेच गृहीत अद्याप नांदत नाही काय?

म्हणून सभासद बंधुभगिनींस विनंती, की शासनाकडे हक्काने मागावे, अर्ज भरावयास एकमेकांस साहाय्य करावे, आणि आपल्या गल्लीतील अशा घरी जाऊन दोन घटकांची पाळी घ्यावी.

गेल्या नवरात्रात भावाजवळ मी बसलो आणि आई टेकडीवर गेली. ती परतली तेव्हा दिवेलागण झाली होती. उशीर झाला म्हणून ती माझी क्षमा मागू लागली. क्षमा खरे तर मी मागावयाची होती.