चाकं बदलण्याआधी

पुणे

चि. सोनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा फोन झाल्यापासून तुझी गाडी माझ्या डोक्यातून जात नाही. ती जिथे बनते त्याच फ्रिमाँटमध्ये राहून तू स्वतःच्या कमाईतून 2022 ची टेस्ला मॉडेल 3 परफॉर्मन्स घेतलीस, याचं आजीला आणि मला फार कौतुक आहे. आता तिला 21 इंची चाकं बसवायची तुझी हौस. हौस असावीच रे, या वयात नाही तर कधी? फक्त फोटो पाहिला आणि ऑर्डर दिली असं होऊ नये, म्हणून हे पत्र. माझं सगळं आयुष्य कारखान्यात गाड्यांच्या चाकांपाशीच गेलं, त्यामुळे हा विषय निघाला की मला राहवत नाही.

आधी टायरवरचे आकडे वाच. तुझ्या गाडीला कंपनीचे 235/35 आर 20 आहेत, म्हणजे रुंदी 235 मिलिमीटर, रबराची उंची रुंदीच्या 35 टक्के आणि रिम 20 इंची. कागद-पेन्सिल घेऊन बसलास (पाढे तर तुला लहानपणापासून तोंडपाठ) तर दिसेल, की रिमच्या वर जेमतेम 82 मिलिमीटर रबर आहे आणि सगळ्या चाकाचा व्यास साधारण 672. तो व्यास राखून 21 इंची रिम घातलीस, तर रबर 70 वर येतं, आणि मग एखाद्या खड्ड्यात रिम वाकायला वेळ लागत नाही. उलट 19 इंची रिमवर 265/35 घेतलेस तर व्यास 668, म्हणजे स्पीडोमीटर जवळपास होता तसाच, आणि रबर मात्र 93 मिलिमीटर.

दुसरं, भार. बॅटरीमुळे तुझी गाडी रिकामीच सुमारे 1,850 किलोची आहे. टायरवर 92 लिहिलं असेल तर तो 630 किलो पेलतो, 98 असेल तर 750. कंपनीने दिलेल्या आकड्याच्या खाली जाऊ नकोस, मग टायर कितीही स्वस्त मिळो.

तिसरं, ऑफसेट, म्हणजे रिम हबला टेकते ती बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे ते, आणि घाई नडते ती नेमकी इथे. तुझी रिम 9 इंच रुंद, ऑफसेट 34. साडेनऊ इंची रिम त्याच ऑफसेटची घेतलीस तर ती आत आणि बाहेर सहा-सहा मिलिमीटर सरकते. ऑफसेट 25 केलास तर बाहेर आणखी नऊ. म्हणून टायर चढवण्याआधी एक नुसती रिम लावून बघ, ब्रेकच्या कॅलिपरला कुठे टेकत नाही ना, रिमचं 64.1 मिलिमीटरचं मधलं भोक हबवर नीट बसतं ना. एकदा टायर चढला की दुकानदार रिम सहसा परत घेत नाही.

चारही चाकं एकाच मापाची घे. मागची रुंद दिसायला देखणी असतात, पण मग टायर पुढे-मागे बदलता येत नाहीत. इलेक्ट्रिक गाडी पाय ठेवताच पूर्ण जोर लावते, त्यामुळे टायर लवकर झिजतात. दर 10,000 किलोमीटरला ते फिरवलेस तर चारी सारखे झिजतील आणि पैसा पुरवून वापरल्यासारखं होईल. जुनी चाकंही विकू नकोस, गाडी विकायची वेळ आली की तीच कामी येतात.

चाकं बसली की नट टॉर्क पान्यानेच 175 न्यूटन मीटरला आवळ, एकाआड एक, आणि शंभरेक किलोमीटर चालवल्यावर पुन्हा तपास. गाडीच्या पडद्यावर नव्या चाकांची नोंद कर, नाहीतर बॅटरी किती अंतर जाईल याचा अंदाज चुकतो. हवा मात्र पहाटे, गाडी हलायच्या आत बघायची; चालून गरम झालेला टायर खोटा आकडा दाखवतो. लवकर उठायची तुझी सवय अजून आहे असं आई सांगते, ऐकून बरं वाटलं.

तू शहाणा आहेस, तुझ्या शहाणपणाची मला काळजी नाही, काळजी आहे ती फक्त उतावळेपणाची. ऑर्डर देण्याआधी आठ दिवस जाऊ दे, मापं लिहून मला पाठव, आपण दोघं मिळून पाहू.

तुझे
आजोबा