नकाशाचें सत्य

जें जसें आहे तें तसेंच सांगणें म्हणजे सत्य, ही व्याख्या आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों, आणि व्यवहारांत ती बहुतेक ठिकाणीं पुरीहि पडते. परंतु कांहीं प्रसंगीं ही सरळ व्याख्या अडखळते, आणि मग सत्य म्हणजे नेमकें काय, हा प्रश्न मुळापासून विचारावा लागतो. असे प्रसंग शोधण्यासाठीं तत्त्वज्ञानाचे ग्रंथच चाळले पाहिजेत असें नाहीं. लंडनच्या भुयारी रेल्वेचा, खिशांत मावणारा नकाशा उलगडला तरी पुरे. लक्षावधि लोकांनीं त्याच्या आधारें वाट काढली आहे. आणि तरीहि ‘जें जसें आहे तें तसें’ या कसोटीस लावला, तर तो जवळजवळ पहिल्या रेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंत खोटा आहे. असें असून त्यास खोटा म्हणण्यास कोणाचें मन धजत नाहीं. कां धजत नाहीं, आणि तें न धजणें योग्य आहे काय, याचा येथें थोडा विचार करावयाचा आहे.

जगांतील पहिली भुयारी रेल्वे लंडन येथें १८६३ च्या जानेवारींत पॅडिंग्टनपासून फॅरिंग्डनपर्यंत सुरू झाली. तेव्हां त्या अंधारांतून वाफेचीं एंजिनें गाड्या ओढीत. विजेच्या गाड्यांचा खोल बोगदा १८९० मध्यें आला. पुढें निरनिराळ्या कंपन्यांनीं निरनिराळे मार्ग काढले आणि शहराखालीं एक जाळें विणलें गेलें. या जाळ्याचे प्रारंभींचे नकाशे आपल्या व्याख्येस धरून होते. मार्ग वळे तेथें रेषा वळे. स्थानकें दूर असत तेथें ठिपके दूर पडत. परिणाम असा झाला कीं, शहराच्या मध्यभागीं नांवावर नांव चढून वाचणाराचा गोंधळ उडे, आणि उपनगरांकडे जाणारे मार्ग कागदाच्या कडेबाहेर पळूं पाहत.

१९३१ सालीं रेल्वेच्या सिग्नल खात्यांत आराखडे काढण्याचें काम केलेल्या हॅरी बेक नांवाच्या गृहस्थानें या गोंधळास एक धाडसी उत्तर शोधलें. त्यानें सर्व मार्ग आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत तिरप्या रेषांनीं दाखविले. मध्यभाग फुगविला, उपनगरें आंत ओढलीं, स्थानकांमधील अंतरें शक्य तितकीं सारखीं केलीं, आणि जमिनीवरच्या सर्व खुणा पुसून एक टेम्स नदी तेवढी ठेवली. अधिकाऱ्यांनीं हा आराखडा प्रथम नाकारला. १९३३ सालीं तो छापून पाहिला, तेव्हां लोकांनीं मात्र तो हातोहात उचलला. आज जगांतील बहुतेक भुयारी रेल्वेंचे नकाशे कमीअधिक प्रमाणांत त्याच घराण्यांतले आहेत.

या नकाशाच्या खोटेपणाची मजल किती, तें एका उदाहरणावरून कळेल. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या दोन स्थानकांतील अंतर अवघें २६० मीटर आहे. गाडीची वाट पाहण्यापेक्षां पायीं जावें हें बरें. उलट, शहराबाहेर चेशॅमपासून पुढच्या स्थानकापर्यंत सहा किलोमीटरांहून अधिक जावें लागतें. म्हणजे एक अंतर दुसऱ्याच्या वीसपटींहूनहि मोठें. परंतु कागदावर हा फरक फारसा दिसत नाहीं.

आतां यास असत्यकथन म्हणावें काय? महाभारतांतील एक सर्वपरिचित प्रसंग याच्या शेजारीं ठेवून पाहावा. द्रोणाचार्यांनीं धर्मराजास आपल्या मुलाविषयीं विचारलें. अश्वत्थामा नांवाचा हत्ती खरोखरच मारला गेला होता. तेव्हां धर्मराजाचें उत्तर वस्तुस्थितीस सोडून नव्हतें. तरीहि आपल्या परंपरेनें तें असत्यांतच जमा केलें, आणि जमिनीपासून चार बोटें वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणीं भूमीस टेकला असें सांगितलें. कारण द्रोणांचा प्रश्न हत्तीविषयीं नव्हता, आणि तो नव्हता हें धर्मराजास पुरतें ठाऊक होतें. तेथें अक्षर खरें होतें आणि उत्तर खोटें होतें. बेकच्या नकाशांत नेमकें याच्या उलट आहे: अक्षर खोटें आहे आणि उत्तर खरें आहे.

तें खरें कसें, हें समजण्यास भुयारांतील प्रवाशाची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. आपल्याकडे गांवांत वाट विचारली तर देवळाच्या कळसाकडे तोंड करून सरळ जा, पिंपळाच्या पाराशीं उजव्या हातास वळा, असें सांगतात. जमिनीखालीं कळस नाहीं, पार नाहीं, सूर्यहि नाहीं. गाडी उत्तरेस चालली आहे कीं पूर्वेस, हें अंगास कळत नाहीं. आणि कळून उपयोगहि नाहीं, कारण वळणें घेणें प्रवाशाच्या हातीं नसतें. त्यास चारच गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: कोणत्या मार्गावरील गाडी, कोणत्या टोकाकडे जाणारी, कितव्या स्थानकावर उतरावयाचें, आणि बदलावयाची असल्यास कोठें. या चारहि गोष्टी नकाशा अचूक सांगतो. स्थानकांचा क्रम आणि मार्गांचे सांधे यांत तो तिळमात्र फसवीत नाहीं. ज्यानें जो प्रश्न विचारला त्यास त्याच प्रश्नाचें निर्मळ उत्तर देणें, हें सत्याचें एक अंग या कागदानें उत्तम संभाळलें आहे.

कोणी म्हणेल कीं, मग उपयुक्त तें सर्व सत्यच ठरेल, आणि प्रत्येक सोयीस्कर खोट्यास दार उघडें होईल. हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. न्यूयॉर्क शहरांत जें घडलें तें या दृष्टीनें बोधप्रद आहे. तेथें १९७२ सालीं मासिमो विन्येली या नामांकित कलावंताच्या हातचा असाच सरळ रेषांचा नकाशा निघाला. दिसण्यांत तो देखणा होता. परंतु न्यूयॉर्ककरांस तो रुचला नाहीं. ज्या सेंट्रल पार्कची लांबी रुंदीच्या सुमारें पांचपट आहे तें उद्यान त्यांत जवळजवळ चौकोनी आणि करड्या रंगाचें झालें होतें. पन्नासाव्या रस्त्यावर दोन निरनिराळ्या मार्गांचीं स्थानकें आहेत. त्यांतील पूर्वेचें नकाशांत पश्चिमेस गेलें होतें. लंडनच्या वांकड्यातिकड्या गल्ल्यांत असें कांहीं झालें असतें तर फार थोड्यांच्या लक्षांत आलें असतें. न्यूयॉर्कचे रस्ते मात्र क्रमांकांनीं आणि काटकोनांत आखलेले. तेथील मनुष्य जिना चढून वर आला कीं, नकाशानेंच सांगितलेल्या दिशेनें चालूं लागतो. म्हणजे त्याचा प्रश्न केवळ भुयारांतला नव्हता, रस्त्यावरचाहि होता, आणि त्या अर्ध्या प्रश्नास नकाशानें खोटें उत्तर दिलें. १९७९ मध्यें तो नकाशा जाऊन भूगोलास अधिक धरून असलेला नकाशा आला. आणि २०२५ मध्यें त्या शहरानें पुन्हा सरळ रेषांकडे मोर्चा वळविला. या वादाचा शेवटचा निकाल लागत नाहीं, याचें कारण प्रवाशाचा प्रश्न कोठें संपतो हेंच कोणास नक्की ठरवितां येत नाहीं.

आपल्या शास्त्रकारांनीं या कोड्याचा विचार फार पूर्वीं केला आहे. शुक्लपक्षांतील बारीक चंद्र दाखवावयाचा असला म्हणजे जाणता मनुष्य आधीं झाडाची फांदी दाखवितो आणि चंद्र तिच्यावर आहे असें सांगतो. हाच शाखाचंद्रन्याय. अरुंधतीचा अंधुक तारा दाखवितांना आधीं शेजारचा ठळक तारा दाखवून हीच अरुंधती असें म्हणावयाचें, आणि दृष्टि तेथें स्थिरावली कीं, ही नव्हे, हिच्या जवळची ती, असें सांगावयाचें. या दोन्ही न्यायांत प्रारंभींचें वाक्य धडधडीत खोटें आहे, तरीहि सांगणारास कोणी लबाड म्हणत नाहीं; कारण त्याचें खोटें पायरीसारखें असतें, आणि पाऊल पुढें पडल्यावर ती पायरी तो आपण होऊन मागें सोडावयास लावतो.

नकाशाची अडचण येथेंच आहे. गुरु फांदी दाखवितो आणि मग फांदी सोड म्हणतो. छापील कागद असें म्हणत नाहीं. रोज त्याच्याकडे पाहणारा मनुष्य हळुहळू त्यासच शहर समजूं लागतो. लंडनच्या प्रवाशांविषयींचा एक अभ्यास २०११ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें आढळलें कीं, मार्ग निवडतांना नकाशावर दिसणाऱ्या लांबीचा प्रभाव प्रत्यक्ष लागणाऱ्या वेळापेक्षां मोठा असतो. म्हणजे ज्यांचे पाय रोज तो रस्ता तुडवितात त्यांचाहि विश्वास आपल्या घड्याळापेक्षां कागदावर अधिक! येथें दोष नकाशाचा म्हणावा कीं वाचणाराचा? आम्हांस वाटतें, दोघांचाहि थोडथोडा. तथापि बेकच्या नकाशाच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच्या रेषा इतक्या सरळ आणि कोन इतके नेमके आहेत कीं, देवाच्या सृष्टींत असें कांहीं नसतें हें सावध मनुष्यास पाहतांक्षणींच कळावें. आपलें कृत्रिमपण तो लपवीत नाहीं. खरें सोंग धोक्याचें होतें तें, तें सोंग आहे हें कळेनासें झालें म्हणजे.

२००९ सालीं त्या नकाशांतून टेम्स नदी काढून टाकण्यांत आली. हिशेबानें पाहतां कांहींच बिघडलें नव्हतें. भुयारांतून जाणारास नदीचा काय उपयोग? पण लोक रागावले, खुद्द महापौरांनीं लक्ष घातलें, आणि कांहीं महिन्यांत नदी परत आली. या रागांत निव्वळ भावुकपणा होता असें आम्हांस वाटत नाहीं. या रेषांच्या वर एक खरें शहर आहे, त्यांतून पाणी वाहतें, त्यास दोन तीर आहेत, एवढें स्मरण करून देणारी ती एकच खूण होती. गुरूनें फांदी सोड म्हणावें, तसें कांहींसें काम ती नदी मुकाट्यानें करीत होती.

यापेक्षां गंभीर दोष आहे तो न सांगण्याचा. टेम्सच्या दक्षिणेस या रेल्वेचीं स्थानकें थोडींच आहेत, कारण त्या भागांत जमिनीवरील आगगाड्यांचें जाळें आधींच दाट झालें होतें. परंतु जुन्या नकाशांत तेथें कोरा कागद दिसे, आणि कोऱ्या कागदावर कोणी राहत नाहीं असें परक्यास वाटावयाचें. दुसरें उदाहरण अधिक जिव्हारीं लागणारें आहे. या रेल्वेच्या २७२ स्थानकांपैकीं निम्म्याहून अधिक स्थानकांत पायऱ्या चढल्याउतरल्यावांचून फलाटावर पोहोंचतां येत नाहीं. धडधाकट माणसास जो सांधा दिसतो तो चाकांच्या खुर्चीत बसलेल्या माणसास सांधा नव्हेच. त्याच्यापुरतें तें शहर जागोजाग तुटलेलें आहे. आतां त्याच्यासाठीं नकाशावर चिन्हें असतात आणि वेगळा नकाशाहि निघतो. पण तीं चिन्हें येईपर्यंत तो कागद सर्वांस एकच उत्तर देत होता, आणि त्या उत्तरांत हा मनुष्य धरलेलाच नव्हता. अंतरें खोटीं सांगण्यानें कोणाचें फारसें बिघडलें नाहीं. एखाद्याचा प्रश्न प्रश्नच न मानण्यानें मात्र त्याचा सबंध दिवस बिघडतो.

हा विचार आतां आपल्याहि दाराशीं आला आहे. मुंबईंत आरेपासून कफ परेडपर्यंतचा भुयारी मार्ग २०२५ च्या ऑक्टोबरांत संपूर्ण खुला झाला. आजवर मुंबईकरानें शहर ओळखलें तें लोकलच्या दारांतून आणि खिडकींतून. खाडी आली, कारखान्याचें धुराडें आलें, कीं त्यास आपलें ठिकाण समजे, आणि पत्ता सांगतांनाहि तो रुळांच्या पूर्वेस कीं पश्चिमेस हें आधीं सांगे. भुयारांत खिडकी असून नसल्यासारखी. तेथें फलकावरील रेषेवरच भिस्त ठेवावी लागणार.

अशी भिस्त ठेवण्यांत कमीपणा कांहींच नाहीं. आपण शिकतों तीं पाठ्यपुस्तकें, सरकारी अहवालांतले आंकडे, एवढेंच काय, परीक्षेच्या गुणांवरून मुलाविषयीं बांधलेली आपली समजूत, हे सर्व नकाशेच होत. कांहीं गाळल्यावांचून, कांहीं सरळ केल्यावांचून त्यांतला एकहि तयार होत नाहीं. म्हणून गाळणारास लबाड म्हणण्याची घाई करूं नये. त्यास इतकेंच विचारावें कीं, तूं कोणाच्या प्रश्नाचें उत्तर देतो आहेस, आणि कोणाचा प्रश्न ऐकलाच नाहींस? आणि स्वतःकडे मधूनमधून एक काम घ्यावें: स्थानकावर उतरून, जिना चढून, उन्हांत बाहेर यावें आणि दोन स्थानकांमधला रस्ता पायांनीं चालून पाहावा.