कुंपणावरील स्नेह

समान छंदावर जडलेली मैत्री ही खरोखर मैत्री म्हणावी काय, हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत मैत्रीचे तीन प्रकार सांगितले, उपयोगाची, सुखाची व सद्गुणाची. पैकीं पहिले दोन त्यानें अल्पजीवी ठरविले, कारण उपयोग वा सुख सरलें कीं मैत्रीही सरते. या हिशेबानें गुलाबाच्या काड्यांची देवघेव करणारे दोन शेजारी मधल्या वर्गांत पडतात. आम्हीं कित्येक वर्षें हें असेंच शिकविलें. आतां तसें शिकवितांना जीभ अडखळते.

बुलढाणें अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलें. घाटाखालीं मलकापूर-नांदुऱ्याकडे काळी कसदार जमीन. येथें आमच्या परसांत हातभर खणलें कीं पहार मुरुमावर वाजते. पाणी येळगांवच्या धरणाचें, म्हणजे पैनगंगेचें. आणि पैनगंगा येथें अगदीं बाल्यावस्थेंत आहे, तिच्याकडून फारशी अपेक्षा करणें अन्याय होय. अशा जागीं बाग करणारा मनुष्य एकटा राहूं शकत नाहीं. मृगाचा पाऊस पडला कीं काड्या कुंपणावरून इकडच्या तिकडे होतात. मार्गशीर्षांत शेवंती पाहावयास बोलावणें येतें. आमचे शेजारी न्यायखात्यांतून निवृत्त झालेले गृहस्थ. राजकारण, धर्म, मुलांचीं शिक्षणें, एकाही विषयावर आमचें त्यांचें जुळत नाहीं. तरी वीस वर्षें सकाळचा चहा एकत्र होतो.

ॲरिस्टॉटलच्या वर्गीकरणांत येथें एक फट आहे असें आम्हांस वाटूं लागलें. झाड तक्रार करीत नाहीं. तक्रार न करणाऱ्या जीवाशीं मनुष्य कसा वागतो हें ज्यानें वर्षानुवर्षें पाहिलें, त्यास त्याच्या शीलाची जी ओळख पटते ती शपथेवरच्या साक्षीनेंही पटत नाहीं. सावता माळ्याचे अभंग काशिबा गुरवानें लिहून ठेविले असें परंपरा सांगते. मळा एकाचा, लेखणी दुसऱ्याची. काशिबाचा स्नेह अभंगांशीं होता कीं माणसाशीं, हें वेगळें काढून दाखवितां येईल काय?

येथवर युक्तिवाद ठीक होता. एका वैशाखांत तो आमच्याच अंगावर आला. शेजारी दोन महिने लेकीकडे गेले व बाग आमच्यावर सोंपवून गेले. नळाच्या पाळ्या लांबल्या. आंघोळीचें पाणी जपून धरलें तरी दोन बागांस पुरेना. आम्हीं आधीं आपल्या मोगऱ्यास व गुलाबास घातलें, उरलें तें पलीकडे नेलें, आणि कित्येक दिवस कांहीं उरलें नाहीं. त्यांच्या दिवंगत पत्नीनें लाविलेला गांवठी गुलाब वाळला.

मृगाच्या तोंडावर ते परतले. वाळकें खोड त्यांनीं नखानें खरवडून पाहिलें. आंत हिरवें कांहीं नव्हतें. "यंदा ऊनच फार," असें म्हणून त्यांनीं आमच्या गुलाबाकडे पाहिलें. "हा त्याच झाडाच्या काडीचा. प्रोफेसरसाहेब, पाऊस झाला कीं एक काडी द्या." तो त्यांच्याकडून आला होता हें आम्ही साफ विसरलों होतों, आपला म्हणूनच त्यास पाणी घातलें होतें.

श्रावणांत काडीस डोळे फुटले. ते रोज बोलावून दाखवीत. सत्य सांगावें तर आपलें मन हलकें करण्यासाठीं त्यांचा आनंद खर्ची घालावा लागणार. न सांगावें तर ज्या साक्षीवर मैत्री उभी आहे असें वर म्हटलें ती साक्षच खोटी. काण्टनें क्षणाचाही विलंब लाविला नसता. पण काण्टास दुसऱ्या दिवशीं त्यांच्याबरोबर चहा घ्यावयाचा नव्हता.

शेवंती फुलण्याच्या सुमारास आम्हीं सांगितलें. त्यांनीं कपबशी खालीं ठेविली. "रोज किती पाणी मिळत होतें?" आम्हीं खरें तें सांगितलें, दोन बादल्या. "दोन बादल्यांत दोन्ही गुलाब जगले असते," इतकेंच ते बोलले. दुसऱ्या दिवशीं ते चहास आले नाहींत. तिसऱ्या दिवशीं आले, आणि शेवंतीवर मावा पडला आहे, चुलींतली राख असेल तर आणा, म्हणाले.