स्मरणार्थ खाट

शिकागोच्या ज्युलिया फॉस्टर पोर्टर यांचा मुलगा मॉरिस तेरा वर्षांचा असताना गेला. 1882 साली त्यांनी त्याच्या नावानं आठ खाटांचं मोफत बालरुग्णालय सुरू केलं. पुढे मॉरिसचं नाव मागे पडून ते ‘चिल्ड्रन्स मेमोरियल’ झालं. 2012 मध्ये नव्या इमारतीत जाताना दहा कोटी डॉलर्सच्या देणगीमुळे लुरी दांपत्याचं नाव लागलं. पाटीवर मॉरिस उरला नाही, पण मुलांवर उपचार चालूच राहिले. मला यात त्या आईची हार दिसत नाही.

आपल्याकडेही मूल दगावलं की सोसायटी, गाव, शाळेचा वर्ग वर्गणी काढतो. शोकात बुडालेल्या आईबापांना काहीतरी करायला मिळतं, शेजाऱ्यांना सांत्वनापलीकडचं एक काम सापडतं. हे मोलाचंच आहे. पण जमलेला पैसा बहुतेकदा दिसणाऱ्या गोष्टींकडे वळतो: खोली, रंगीत भिंती, एखादं यंत्र. नवजात बाळांच्या कक्षात मात्र वॉर्मर नादुरुस्त होतो, फोटोथेरपीचे दिवे बदलावे लागतात, रात्रपाळीला प्रशिक्षित नर्स लागते. नर्सच्या पगारासाठी कुणी वर्गणी मागत नाही. मागायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरचं बालरुग्णालय 1852 मध्ये अवघ्या दहा खाटांनी सुरू झालं. तिथल्या देणगीदारांना हे उमगलं होतं. ‘आन्ट ज्युडीज मॅगझिन’ या मुलांच्या मासिकाच्या वाचकांनी पैसे गोळा करून एका खाटेचा खर्च उचलला. इतरांनी आपल्या गेलेल्या लेकरांच्या नावानं खाटा ठेवल्या. कायमच्या खाटेसाठी मोठी रक्कम ठेव म्हणून द्यायची आणि तिच्या उत्पन्नातून तिथल्या रुग्णाचा खर्च चालायचा. आठवण अशी वर्षानुवर्षं नव्या आजारी मुलाच्या उपयोगी पडायची. 1929 मध्ये लेखक जे. एम. बॅरी यांनी आपल्या ‘पीटर पॅन’चे हक्क याच रुग्णालयाला दिले, तेही दरवर्षी येत राहणारं उत्पन्नच.

यावर रास्त आक्षेप असा की, पगार आणि देखभाल हे सरकारचं काम आहे. लोकांनी ते उचललं तर सरकारला मोकळीक मिळेल. आक्षेप मला मान्य आहे, पण म्हणून लोकांनी दूर राहावं हा निष्कर्ष नाही; सरकार आपलं काम करतंय का, यावर लक्ष ठेवणारं कुणीतरी लागतंच. 9 जानेवारी 2021 रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. राज्यभरातल्या रुग्णालयांची आग आणि वीज सुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश त्यानंतर निघाले. तपासणी झाली का, वायरिंग बदललं का, हे कुणीतरी चिकाटीनं विचारत राहावं लागतं. ज्यांनी शंभर-शंभर रुपये दिले आहेत, त्यांना ते विचारायचा हक्क अधिक ठसठशीतपणे जाणवतो. म्हणून शे-दोनशे माणसांची वर्गणी मला एका धनिकाच्या धनादेशापेक्षा मोलाची वाटते: पैशांबरोबर वॉर्डाकडे लक्ष ठेवणारी माणसंही येतात.

अर्थात, भिंतीवरचं नाव पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. आपल्या बाळाचं नाव कुठेतरी लिहिलेलं दिसावं, ही आईची इच्छा कुणी कमी लेखू नये. नाव जरूर लावावं. पण देणगीच्या करारातच लिहून घ्यावं की निधीचा मोठा वाटा ठेवीत राहील, आणि त्या नावाशेजारी दरवर्षी हिशेब लागेल: किती मुलं दाखल झाली, कोणतं यंत्र दुरुस्त झालं, रात्रपाळीच्या किती जागा अजून रिकाम्या आहेत.